करपावती म्हणजे शुद्धिपत्र नव्हे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन कायदे संमत केले. एकाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणण्याची तरतूद केली. दुसरा होता नवा प्राप्तिकर कायदा. १९६१ च्या कायद्याची जागा त्याने १ एप्रिल २०२६ पासून घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. या दुसऱ्या कायद्यात ऑनलाइन खेळांतून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने कर आकारण्याचे कलमही आहे. म्हणजे एक कायदा सांगतो की हा पैसा कोणी मिळवता कामा नये. दुसरा सांगतो की मिळवलाच, तर त्यातला सरकारचा वाटा आणून द्यावा. वरवर पाहता हा विरोधाभास आहे. सरकार चोरीच्या मालात भागीदार होते आहे काय, असा प्रश्न सामान्य करदात्याला पडला तर त्यात नवल नाही.

हा प्रश्न मुंबईला मात्र नवा नाही. हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी या दोन स्थानकांच्या मध्ये असलेल्या कॉटन ग्रीन परिसरात त्याचे जुने मूळ सापडते. पूर्वी कुलाब्याला असलेला कापसाचा बाजार १९२० च्या दशकात शिवडीकडील भराव घातलेल्या जमिनीवर हलविण्यात आला आणि 'कॉटन ग्रीन' हे नावही त्याच्याबरोबर इकडे आले. गाठींची गोदामे, दलालांची वर्दळ आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत ही या वस्तीची ओळख बनली. परंतु या शहरातला कापूस केवळ गिरण्यांत जात नव्हता. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला, याचे आकडे तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. ज्याने आयुष्यात कापसाची एक गाठ खरेदी केली नव्हती, तोही आकड्याची वाट पाहत असे. हाच 'आकडा'. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे थांबले तेव्हा जुगार थांबला नाही. त्याने फक्त साधन बदलले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने आणि १९६४ मध्ये रतन खत्री याने आपापला मटका सुरू केला. न्यूयॉर्कच्या भावाऐवजी आता पत्त्यांतून आकडा निघू लागला. लालबाग, परळ, वरळीच्या चाळींतील गिरणी कामगारांच्या पगाराचा मोठा भाग त्यात जिरू लागला.

हा सारा व्यवहार १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा होता. तरीही १९७२ च्या वित्त कायद्याने उत्पन्नाच्या व्याख्येत लॉटरी, शब्दकोडी, शर्यती, पत्ते यांबरोबरच कोणत्याही स्वरूपाचा जुगार व पैज यांतील जिंकलेल्या रकमेचा समावेश केला. कोणत्याही स्वरूपाचा, या शब्दांत परवानगी असलेला आणि नसलेला असा भेद नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जिंकलेला पैसा आणि चाळीच्या जिन्याखाली मटक्यात जिंकलेला पैसा, दोन्ही करपात्र ठरले. मटक्यात जिंकलेल्या रकमेचे विवरणपत्र किती जणांनी भरले असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल. तथापि कायद्याची भूमिका स्पष्ट होती.

'किती' आणि 'कसे'

ही भूमिका समजून घ्यायची, तर करकायदा आणि फौजदारी कायदा यांचे प्रश्नच वेगळे असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. फौजदारी कायदा विचारतो, पैसा कसा मिळवला? करकायदा विचारतो, किती मिळवला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नावर अवलंबून ठेवले, तर चमत्कारिक परिस्थिती उद्भवेल. पगारदार माणसाच्या हाती रक्कम पडण्यापूर्वीच कर कापला जाईल आणि चोरट्या आयातीवर गब्बर झालेला इसम 'माझे उत्पन्न बेकायदा आहे, सबब मला कर लागू नाही,' असे म्हणून सुटेल. गुन्हा हीच करमाफीची पात्रता ठरेल. ही आपत्ती टाळण्यासाठीच बहुतेक देशांच्या करव्यवस्थांनी उत्पन्नाचा उगम न पाहता उत्पन्न पाहण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.

मुंबई राज्याने हेच तत्त्व निराळ्या प्रसंगात न्यायालयापुढे मांडले होते. १९४८ च्या कायद्याने मुंबई सरकारने लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला. १९५२ मधील दुरुस्तीने परराज्यात छापल्या जाणाऱ्या, परंतु मुंबईत खपणाऱ्या नियतकालिकांतील शब्दकोडीही त्याच्या कक्षेत आली. बंगळुरूहून अशी स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांनी या कराला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल १९५७ मध्ये तो निर्णय फिरविला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हेच, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्याच निकालात जुगारावर कर बसविण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. एखादी गोष्ट हक्क म्हणून मागता येत नाही, परंतु तिच्यावर कर मात्र द्यावा लागतो, ही स्थिती म्हणजे गोंधळ नसून विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे, हे या निकालातून दिसते.

अमेरिकेतही हाच मार्ग अनुसरला गेला. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकणाऱ्याने विवरणपत्रच न भरणे हे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कात बसत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ठरविले. याच निकालाने पुढचा मार्ग मोकळा केला आणि १९३१ मध्ये शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला ११ वर्षांची शिक्षा झाली, ती खुनासाठी नव्हे, तर कर चुकविल्याबद्दल. तेथील करखात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तर चोरलेल्या वस्तूची बाजारातील किंमत त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावी, त्याच वर्षात ती मूळ मालकाला परत केली असल्यास दाखवू नये, अशी सूचना गंभीरपणे दिलेली असे. वाचून हसू येते. पण त्यामागे तर्क आहे. चोर आपणहून हिशेब देईल, अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याने हिशेब दिला नाही, तर चोरी सिद्ध न होताही त्याला पकडण्याचे एक साधन हाती राहते.

चोराची वजावट

कर उत्पन्नाच्या उगमाकडे पाहत नाही, हे मान्य केले की लगेच दुसरा पेच उभा राहतो. कर हा निव्वळ नफ्यावर असतो. मग गुन्ह्याचा खर्च आणि तोटा वजा करून द्यायचा काय?

या पेचाची सुरुवातही मुंबईतच झाली. येथील एक व्यापारी पेढी इराकमधून खजूर आयात करीत असे. देशी गलबतातून आयातीला मुभा होती, आगबोटीतून बंदी होती. पेढीने आगबोटीतून माल आणला, सीमाशुल्क खात्याने तो जप्त केला आणि दंड भरून सोडविण्याची मुभा दिली. अपिलात कमी होऊन राहिलेला ८२ हजार २५० रुपयांचा हा दंड धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळावा, अशी पेढीची मागणी होती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. कायदा मोडल्याबद्दलचा दंड हा धंदा चालविण्याचा खर्च नव्हे, असा त्याचा आशय होता.

पण १९८० मध्ये प्यारा सिंग प्रकरणात न्यायालयाने वेगळी दिशा घेतली. १९५८ च्या सप्टेंबरात पाकिस्तानच्या सीमेवर पकडलेल्या या इसमाजवळ ६५ हजार ५०० रुपयांच्या नोटा सापडल्या. सोने आणण्यासाठी ही रक्कम तो पलीकडे नेत होता. सरकारने ती जप्त केली. प्राप्तिकर खात्याने तिच्यापैकी बहुतेक रकमेवर करही आकारला. न्यायालय म्हणाले, तस्करी हाच याचा धंदा आहे, असे समजून तुम्ही कर लावता. तर मग पकडले जाणे हा त्या धंद्यातला नेहमीचा धोका आहे आणि जप्त झालेली रक्कम हा धंद्यातील तोटा आहे. तो वजा द्यावाच लागेल. २००६ मध्ये हेरॉइनचा साठा जप्त झालेल्या एका डॉक्टरलाही याच न्यायाने वजावट मिळाली. कायदा वेगळा आणि नीती वेगळी, असे न्यायालयाला तेव्हा बजावावे लागले.

परिणाम असा झाला की, प्रामाणिक धंद्यात एकदा नियम मोडणाऱ्याला सवलत नाही, पण ज्याचा धंदाच गुन्हा आहे त्याला ती आहे. दरम्यान १९९८ मध्ये संसदेने कायद्याने निषिद्ध ठरविलेल्या कामासाठीचा खर्च वजा मिळणार नाही, असे स्पष्टीकरण कायद्यात घातले आणि ते १ एप्रिल १९६२ पासून लागू असल्याचे मानले. २०२२ मध्ये औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च न्यायालयाने याच आधारे नाकारला. तथापि खर्च वेगळा आणि तोटा वेगळा, ही पळवाट उरली होती. एप्रिल २०२३ मध्ये चोरट्या चांदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बरीच अरुंद केली. चांदीचा वैध व्यापार करणाऱ्याला जप्त झालेल्या चोरट्या चांदीचा तोटा वजा मिळणार नाही, असे ठरले. प्यारा सिंगचा धंदाच तस्करीचा होता, या माणसाचा नव्हता, असा भेद करण्यात आला; खंडपीठातील दुसऱ्या न्यायमूर्तींनी वेगळ्या निकालपत्रात जुन्या भूमिकेपासून अधिक स्पष्टपणे फारकत घेतली. दिशा योग्य आहे. कर घेताना गुन्ह्याकडे डोळेझाक करणे समर्थनीय आहे. सवलत देताना तशी डोळेझाक करण्याचे कारण नाही.

कर हीच धुलाई

आतापर्यंतची चर्चा कर न भरणाऱ्या गुन्हेगाराची झाली. खरी चिंता आहे ती स्वखुशीने कर भरणाऱ्या गुन्हेगाराची. लाच, खंडणी किंवा फसवणुकीतून आलेला पैसा घरात पडून राहतो, तोवर त्याने जमीन घेता येत नाही, कंपनी काढता येत नाही. ३० टक्के कर भरून उरलेले ७० टक्के उजळ माथ्याने वापरता येत असतील, तर हा कर नव्हेच. ती धुलाईची मजुरी झाली.

अशा धुलाईचा एक नमुना १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासला होता. बंगळुरूच्या एका महिलेने घोड्यांच्या शर्यतींत वारंवार जॅकपॉट लागल्याचे दाखविले होते. १९७२ पूर्वी अशी रक्कम करमुक्त होती. जिंकलेली तिकिटे नंतर विकत घेऊन स्वतःचा बेहिशेबी पैसा बक्षिसाचा म्हणून दाखविल्याचा निष्कर्ष न्यायालयाने मान्य केला. कागदावर दिसते तेच खरे असे मानून चालणार नाही, मानवी व्यवहाराच्या संभाव्यतेवर ते पारखून घ्यावे, असे तत्त्व त्यातून दृढ झाले. बक्षिसाच्या तिकिटाने, शेतीच्या करमुक्त उत्पन्नाने किंवा न केलेल्या धंद्याच्या नफ्याने पैसा पांढरा करण्याची युक्ती महाराष्ट्रालाही अपरिचित नाही.

सरकारनेही या धुलाईला वेळोवेळी हातभार लावला, हे नाकारता येणार नाही. १९९७ च्या स्वेच्छा प्रकटीकरण योजनेत व्यक्तींना ३० टक्के कर भरून दंड, व्याज आणि खटला या तिन्हींतून मोकळीक मिळाली. नियमित कर भरणाऱ्याने जो दर दिला, तोच दर वर्षानुवर्षे लपविणाऱ्याने दिला आणि व्याजही वाचविले. २०१६ च्या योजनेत दर ४५ टक्के होता आणि सुमारे ६५ हजार कोटींचे उत्पन्न जाहीर झाले. नोटाबंदीनंतर त्याच वर्षी उगम न सांगता येणाऱ्या उत्पन्नावरील कर ६० टक्के करण्यात आला. अधिभार व उपकर धरून हा बोजा ७७ टक्क्यांपुढे गेला. मात्र एक गोष्ट लक्षणीय आहे. १९९७ आणि २०१६ या दोन्ही योजनांनी भ्रष्टाचार, अमली पदार्थ इत्यादी गुन्ह्यांच्या खटल्यांतील आरोपींना दाराबाहेर ठेवले होते. म्हणजे कर चुकविलेला पैसा आणि गुन्ह्याचा पैसा यांतील फरक कायदेमंडळाला ठाऊक होता. अडचण एवढीच की, ज्याच्यावर अद्याप खटला भरला गेला नाही, त्याला या दारातून आत जाण्यास फारशी आडकाठी नव्हती.

या ठिकाणी न्यायालयाने घातलेली मर्यादा महत्त्वाची ठरते. तमिळनाडूच्या माजी मुख्यमंत्री जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात बचाव पक्षाचा एक मुद्दा असा होता की, उत्पन्न विवरणपत्रांत दाखविले आहे आणि प्राप्तिकर खात्याने ते स्वीकारले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद पुरेसा मानला नाही. विवरणपत्र आणि करनिर्धारणाचा आदेश एवढ्यावरून पैशाचा उगम वैध असल्याचे सिद्ध होत नाही. तो उगम स्वतंत्रपणे दाखवावा लागतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. करपावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. त्याहून अधिक काही नव्हे. हे तत्त्व न्यायालयात स्थिरावले आहे. ते बँका, नोंदणी कार्यालये आणि निवडणुकीतील प्रतिज्ञापत्रे वाचणारे मतदार यांच्यापर्यंत पोहोचायला हवे.

लुबाडला गेलेला कोठे आहे?

या साऱ्या हिशेबात एका माणसाचा विसर पडतो. ज्याचा पैसा गेला, तो. लाचेच्या किंवा तस्करीच्या पैशाला ठरावीक मालक नसतो. परंतु फसवणुकीच्या पैशाला असतो. अपहाराचा पैसा मूळ मालकाचाच असल्याने तो चोराचे उत्पन्न नव्हे, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये म्हटले होते. १९६१ मध्ये त्याने स्वतःचाच हा निकाल बदलला आणि अपहारही करपात्र ठरला. तत्त्व म्हणून ते योग्य असेल, पण चोराकडे जेवढे उरले आहे, त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मुंबईने याचे उत्तर १९९२ च्या रोखे घोटाळ्यात पाहिले. जानकीरामन समितीच्या हिशेबाने चार हजार कोटींहून अधिक रकमेच्या या घोटाळ्यासाठी विशेष न्यायालयाचा कायदा झाला. हर्षद मेहता व इतरांच्या जप्त मालमत्तेतून देणी भागविण्याचा क्रम त्यात ठरविलेला होता. प्रथम केंद्र, राज्य व स्थानिक संस्थांचे कर. त्यानंतर बँका व वित्तसंस्था. उरले तर इतर. म्हणजे ज्या बँकांचा पैसा गेला, त्या रांगेत दुसऱ्या होत्या आणि ज्या खात्याचे काहीही चोरीला गेले नव्हते, ते पहिले होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अग्रक्रमाला मर्यादा घातली. १ एप्रिल १९९१ ते ६ जून १९९२ या कालावधीतील करालाच तो मिळेल, दंड आणि व्याजाला नाही, असे ठरले. बँकांतला पैसा अखेर जनतेचाच असल्याने ही मर्यादा केवळ कायद्याचा कीस नव्हता.

त्यानंतर कायद्याची दिशा बदलत गेली, हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने सरकारी थकबाकीला सुरक्षित धनकोंच्या मागे बसविले. २००२ मध्ये संमत होऊन १ जुलै २००५ पासून लागू झालेल्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात गुन्ह्यातून आलेली सारी मालमत्ता जप्त करण्याची आणि ती हक्कदारांना परत देण्याची सोय आहे. करकायदा गुन्ह्याच्या पैशातला काही भाग घेतो. हा कायदा सगळा घेतो आणि काही प्रसंगी परतही करतो. गुन्ह्याच्या पैशाला खरे उत्तर हेच आहे. कर हे फार तर पहिले पाऊल.

म्हणून ऑगस्ट २०२५ च्या दोन कायद्यांत विसंगती शोधण्यात फारसा अर्थ नाही. बंदी घातलेल्या खेळातून जिंकलेला पैसा करमुक्त ठेवला असता, तर ती बंदी पाळणाऱ्याची थट्टा ठरली असती. विचारायचे प्रश्न निराळे आहेत. असा पैसा विवरणपत्रात दिसला, तर प्राप्तिकर खाते ती माहिती तपास यंत्रणांना देते की कर मिळाला म्हणून फाइल मिटते? १९६१ च्या कायद्यातील १३८ व्या कलमाने अशी माहिती देण्याची वाट ठेवलेली आहे. ती किती वापरली जाते, याचा लेखाजोखा संसदेने मागितला पाहिजे. आणि ज्या प्रकरणात लुबाडलेल्यांची नावे ठाऊक आहेत, तेथे सरकारने आपला कर त्यांच्या मागून घ्यावा, असा नियम अपवादाने नव्हे तर सरसकट का असू नये?

कापसाच्या आकड्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत जुगाराने आणि त्याच्या भावंडांनी अनेक रूपे घेतली; करखाते प्रत्येक वेळी मागून पोहोचले. त्याने पोहोचावेच. परंतु तेथे पोहोचून केवळ आपला वाटा घेऊन परतणारे सरकार आणि हप्ता घेऊन परतणारा शिपाई यांत नागरिकाला फरक दिसला पाहिजे. तो फरक कराच्या दरात नाही. कर घेतल्यानंतर सरकार काय करते, यात आहे.